खिशातल्या प्लेअरमधला कोसाइन

१० मे २०२२ रोजी ॲपलने आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि खिशातल्या वेगळ्या प्लेअरचा काळ संपला, असं अनेकांना वाटलं. तो संपलेला नाही. गाणी, व्हिडिओ आणि फोटो यांच्यासाठी स्वतंत्र प्लेअर आजही नव्याने येत असतात. फोनची बॅटरी वाचते, गाण्याच्या मध्येच कुणाचा कॉल येत नाही, आवाज कमी-जास्त करायला खरीखुरी बटणं मिळतात. अडचण येते ती निवडताना. खोक्यावर ‘३२ बिट’, ‘३८४ किलोहर्ट्झ’ असे भलेमोठे आकडे छापलेले असतात आणि घेणारा समजतो की आकडा जितका मोठा, तितका आवाज चांगला. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजून घेताना गणितातल्या एका फार सुंदर कल्पनेची ओळख होते. हा लेख लिहिण्याचं खरं कारण तीच कल्पना आहे.

आधी आकडे. १९८२ साली आलेल्या सीडीत ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या १६ अंकांत, लिहिलेलं असतं. निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, म्हणजेच वारंवारता. वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या शोधनिबंधात मांडलेला सिद्धांत असं सांगतो की लहरीत जी सर्वांत वरची वारंवारता आहे, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजमाप घेतलं तर मूळ लहर जशीच्या तशी परत मिळवता येते. जाहिरातीत दाखवतात तसल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या रेषा प्लेअरमधून बाहेर पडत नाहीत. मोजलेल्या बिंदूंमधून जाणारी आणि वारंवारतेची ती मर्यादा पाळणारी रेषा एकच असते, आणि ती गुळगुळीत असते. म्हणजे २०,००० हर्ट्झसाठी ४४,१०० मोजमापं पुरतात. ३,८४,००० मोजमापांतून जास्तीचं जे मिळतं, ते वटवाघळाला ऐकू येईल.

बिटांचंही असंच. एक बिट वाढला की नोंदवता येणाऱ्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढतं. १६ बिटांत ९६ डेसिबल बसतात. शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्याच्यावर ९६ चढवले की १२६ होतात, आणि तिथे कान दुखतो. ध्वनिमुद्रण करताना, आवाज मिसळताना २४ बिट खरोखर उपयोगी पडतात, कारण प्रत्येक प्रक्रियेत थोडी अचूकता खर्ची पडते. तयार गाणं ऐकताना त्यांचा उपयोग नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्यांना कधी उच्च दर्जाचं मुद्रण थेट, तर कधी तेच सीडीच्या दर्जाच्या मार्गाने ऐकवलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती, तरी साधारण एवढीच बरोबर आली असती.

आता त्या कल्पनेकडे. सीडीच्या दर्जाचं चार मिनिटांचं गाणं जसंच्या तसं साठवलं तर सुमारे ४२ मेगाबाइट लागतात. पूर्ण एचडी व्हिडिओ कच्चा साठवला तर सेकंदाला जवळपास ११९ कोटी बिट. हे खिशात बसवायचं तर आकसायला हवं, आणि गाणं, फोटो, व्हिडिओ या तिन्हींना आकसणारं मूळ हत्यार एकच आहे: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांना १९७२ मध्ये ही कल्पना सुचली. तिच्यावर काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, तो मिळाला नाही. ही कल्पना फारच साधी वाटते, अशा अर्थाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. १९७४ च्या जानेवारीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आज जगातला जवळपास प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ त्या ‘साध्या’ कल्पनेतून जातो.

फोटोपासून सुरुवात करू, कारण तिथे ती डोळ्यांना दिसते. जेपेग पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एका चौकोनात उजेडाचे ६४ आकडे. डीसीटी या ६४ आकड्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे देते. पहिला आकडा सांगतो की चौकोन सरासरी किती उजळ आहे. पुढचे सांगतात की त्यात डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली संथ चढउतार किती, त्याहून भराभर होणारे चढउतार किती, अगदी ठिपक्यागणिक होणारे किती. इथपर्यंत काहीच हरवलेलं नसतं. उलटं गणित केलं की चित्र परत येतं. पण फोटोतले बहुतेक भाग आभाळ, गाल, भिंत असे हळूहळू बदलणारे असतात. त्यामुळे वजन सुरुवातीच्या थोड्या आकड्यांत गोळा होतं आणि बाकीचे शून्याजवळ असतात. मग प्रत्येक आकड्याला ठरावीक संख्येने भागून पूर्णांकात आणायचं. बारीक चढउतारांसाठी भाजक मोठा, कारण तिथली चूक डोळ्याला कमी कळते. बहुतेक आकडे शून्य होतात, आणि ‘इथून पुढे सगळे शून्य’ हे लिहायला जागा कितीशी लागणार?

कोसाइनच का? लहर वारंवारतांत फोडणारं नेहमीचं फूरिए रूपांतर का नको? फूरिए रूपांतर असं धरून चालतं की हा तुकडा पुढे पुन्हा पुन्हा तसाच येतो. तुकड्याची सुरुवात काळी आणि शेवट पांढरा असेल, तर पुढच्या प्रतीच्या सीमेवर पांढऱ्यावरून एकदम काळ्यावर उडी पडते. चित्रात नसलेली ही उडी मांडायला वरच्या वारंवारता लागतात आणि सगळी बचत वाया जाते. कोसाइन मात्र तुकड्याशेजारी त्याचं आरशातलं प्रतिबिंब ठेवतो. पांढऱ्याला पांढरं लागून येतं, उडी पडत नाही, वजन खालच्या वारंवारतांत राहतं. सगळी करामत या सममितीत आहे. मला ही आधुनिक गणितातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

फोटो फार आकसला की त्यात चौकोन दिसू लागतात. प्रत्येक चौकोनाची चूक वेगळी असते आणि सीमेवर ती उघडी पडते. आवाजात असं झालं तर प्रत्येक सीमेवर ‘टक्’ ऐकू येईल. म्हणून आवाजासाठी डीसीटीचा सुधारित अवतार वापरतात, एमडीसीटी. प्रिन्सेन, जॉन्सन आणि ब्रॅडली यांनी तो १९८७ मध्ये मांडला. यात तुकडे एकमेकांवर अर्धे चढवतात. तुकड्यात जितके नमुने (मोजमापं) असतील, त्याच्या निम्मेच आकडे त्यातून काढायचे. एवढ्या आकड्यांतून तुकडा परत मिळणं शक्यच नसतं. परत येतो तो स्वतःच्याच उलट्या सावलीसह, गढूळ होऊन. शेजारचा तुकडाही तसाच गढूळ असतो, पण सामाईक अर्ध्या भागात त्याच्या सावलीचं चिन्ह नेमकं विरुद्ध असतं. दोन्ही तुकडे योग्य उतरत्या-चढत्या वजनाने मिळवले की सावल्या एकमेकींना खातात आणि मूळ आवाज तंतोतंत उरतो. हे एका वाचनात पटलं नाही तरी पुढचं अडत नाही. एवढं लक्षात असू द्या की सीमा पुसल्या गेल्या आणि आकडेही वाढले नाहीत.

आता यातले कोणते आकडे ढोबळ करायचे, हे ठरवतो कान. अंतर्कर्णात कॉक्लिया नावाची शंखाकृती नळी असते, तिच्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा. या पडद्यावर लहर कशी धावते, हे दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. उंच स्वर पडद्याच्या तोंडाशीच थरथर उमटवतो. खर्जाची लहर आतल्या टोकापर्यंत जाते आणि जाताना उंच स्वरांच्या जागाही हलवत जाते. म्हणून मोठा खर्ज आपल्यापेक्षा वरच्या, बारीक आवाजांना झाकतो. उलट दिशेने हे झाकणं बरंच कमी असतं. वेळेतही झाकणं घडतं. मोठा आवाज थांबल्यावर दहा-वीस सहस्रांश सेकंद कान अजून बधिर असतो आणि ती बधिरता पूर्ण ओसरायला शंभरहून अधिक सहस्रांश सेकंद लागतात.

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइंझ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी एमपीथ्रीत नेमकं हेच वापरलं. एमपीथ्री गाण्यातले बारीक सूर कापून टाकते, असं सरसकट म्हणतात. ते अर्धसत्य आहे. ती वारंवारतेच्या प्रत्येक पट्ट्यात आकडे ढोबळ करते. त्याने गोंगाट निर्माण होतो, पण तो शेजारच्या मोठ्या सुराच्या झाकणाखाली राहील इतकाच होऊ देते. बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, कमी असला की झाकण पुरत नाही आणि गोंगाट बाहेर डोकावतो. टाळी किंवा करताल यांसारख्या एकदम येणाऱ्या आवाजात तो आघाताच्या क्षणभर आधी ऐकू येतो. कमी बिटरेटची फाइल ओळखायची असेल तर नेमकं तिथे कान लावा. १२८ किलोबिटला हे पकडता येतं. एएसी ही एमपीथ्रीनंतर आलेली आकसण्याची पद्धत; चांगल्या एन्कोडरने (आकसणाऱ्या प्रोग्रॅमने) केलेल्या २५६ किलोबिटच्या एएसी फाइलमध्ये बहुतेकांना पकडता येत नाही.

म्हणून माझं मत असं: मूळ प्रत घरच्या संगणकावर फ्लॅक या फाइल-पद्धतीत ठेवावी, कारण त्यात काहीच गमावलेलं नसतं, आणि खिशात २५६ किलोबिटची एएसी न्यावी. चार मिनिटांच्या गाण्याला ८ मेगाबाइटही लागत नाहीत. ब्लूटूथने ऐकणार असाल तर फ्लॅकचा हट्ट आणखीच निरर्थक ठरतो. ब्लूटूथच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीत गाणं पाठवण्याआधी पुन्हा आकसतात, साधारण ३२८ किलोबिटपर्यंत. सोनीची एलडॅक ही ब्लूटूथची वरच्या दर्जाची पद्धतसुद्धा ९९० किलोबिटवर थांबते, सीडीला १,४११ लागतात.

ज्या आकड्याने कानाला खरंच फरक पडतो, तो खोक्यावर क्वचितच असतो: प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला त्याचा स्वतःचा रोध. समजा, इअरफोनचा रोध एका वारंवारतेला १६ ओहम आणि दुसरीला ६४ ओहम आहे; एकाहून जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनमध्ये असा फरक आढळतो. प्लेअरचा स्वतःचा रोध १० ओहम असेल, तर ओहमच्या नियमानुसार या दोन वारंवारतांच्या पातळीत सुमारे ३ डेसिबलचा जास्तीचा फरक पडतो आणि गाण्याचा रंगच बदलतो. तोच रोध १ ओहम असेल, तर फरक ०.४ डेसिबलवर येतो. प्लेअरचा रोध इअरफोनच्या आठव्या भागाहून कमी असावा, हा ठोकताळा लक्षात ठेवा आणि विकणाऱ्याला हाच आकडा विचारा.

व्हिडिओत प्रत्येक चित्र नव्याने साठवत नाहीत. आधीच्या चित्रातला कोणता तुकडा कुठे सरकला ते लिहायचं आणि उरलेला फरक डीसीटीच्याच भाईबंदांतून काढायचा. असा व्हिडिओ उलगडायचं काम चिपमधल्या खास भागाने केलं, तर बॅटरी टिकते. सर्वसाधारण प्रोसेसरवर पडलं, तर ती भराभर उतरते आणि चित्र अडखळतं. फाइलच्या नावापुढे एमपीफोर किंवा एमकेव्ही असणं पुरेसं नाही, ती नुसती पेटी आहे. आत व्हिडिओ आकसण्याची कोणती पद्धत आहे, एच.२६४, एच.२६५ की एव्ही१, आणि त्यातलं काय प्लेअरची चिप स्वतः उलगडते, हे पाहा. मेमरी कार्ड फॅट३२ पद्धतीचं असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. चांगली नजर एक कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखते. ३० सेंटिमीटरवर तो ०.०८७ मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचाला सुमारे २९० ठिपके. त्यापुढच्या ठिपक्यांसाठी पैसे मोजण्यापेक्षा उन्हात स्क्रीन किती उजळ दिसते, ते पाहावं. १.२ कोटी ठिपक्यांचा फोटो २०.७ लाख ठिपक्यांच्या स्क्रीनवर दाखवताना पाचातले चार ठिपके तसेही वाया जातात. फोटोंच्या लहान प्रती करून ठेवल्या तर अल्बम चाळताना प्लेअर रखडत नाही.

काही दाव्यांचा समाचार घेतल्याशिवाय राहवत नाही. ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर जुळवलेलं संगीत ‘विश्वाच्या कंपनांशी’ जुळतं आणि आजार बरे करतं, असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात, आणि गाणी ४३२ वर नेणारे प्लेअरही आहेत. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद हे माणसाने ठरवलेलं एकक आहे. दिवसाचे ८६,४०० ऐवजी एक लाख भाग पाडले असते, तर तोच सूर ४३२ राहिलाच नसता. विश्वाला आपल्या सेकंदाची माहिती नाही. २०१५ मध्ये सोनीने उत्तम आवाजासाठी म्हणून खास मेमरी कार्ड आणलं होतं. त्यात विद्युत गोंगाट कमी होतो, असा दावा होता. पण कार्डावरचे आकडे आधी प्लेअरच्या स्मृतीत येतात, तपासले जातात आणि मगच आवाजात बदलतात. आकडा बरोबर वाचला गेला की कार्डाचं काम संपलं.

निवडीत एक गोष्ट मात्र मी वरच्या स्थानी ठेवेन: ऐकलेल्या आवाजाचा हिशोब ठेवण्याची सोय. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ९२ ला फक्त अडीच. कॉक्लियातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटात प्रवास करताना आपण आवाज वाढवतो तो बाहेरच्या कलकलाटावर मात करायला, म्हणून कानात घट्ट बसणारी, बाहेरचा आवाज अडवणारी रबरी टोकं असलेला इअरफोन घ्या आणि प्लेअरमधली आवाजाची कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी लावून टाका.