माळ्यावरच्या सागवानी फळ्या भिंतीला लावण्याआधी

जुनं घर उतरवताना निघालेल्या तक्तपोशीच्या (लाकडी छताच्या) फळ्या अनेक कुटुंबं माळ्यावर जपून ठेवतात. त्या भिंतीला लावण्यासाठी आमच्याकडे आल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आहे, उद्याच काम सुरू करता येईल ना?"

नाही. लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. पत्र्याखाली तापलेल्या फळीतला ओलावा वेगळा, तळमजल्याच्या खोलीतला वेगळा. म्हणून फळ्या जिथे लागणार त्याच खोलीत, थराथरामध्ये पट्ट्या देऊन, किमान दोन आठवडे आडव्या रचून ठेवा. भिंतीला टेकवून ठेवल्या तर बाक येतो.

फळी लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढते. ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला, तर आठ इंची सागवानी फळी दीड मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. दहा फुटी भिंतीवर अशा पंधरा फळ्या बसतात, म्हणजे एकूण फरक पाऊण इंचाहून जास्त! मे महिन्यात घट्ट ठोकलेलं काम जुलैत फुगून भिंत सोडतं ते यामुळेच. उन्हाळ्यात काम केलं तर प्रत्येक सांध्यात रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट आम्ही ठेवतो. पावसाळ्यात केलं तर फळ्या जवळ सरकवतो, कारण हिवाळ्यात त्या आकसणारच असतात.

कीड बघा. सागाचा गाभा टिकाऊ असतो. काठाचा फिकट भाग मात्र भुंगेरे पोखरतात. बारीक भोकांतून ताजं पीठ गळत असेल, तर तो भाग कापून टाकावा आणि उरलेल्याला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण द्यावं. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधा. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. रंधा अगदी हलका मारावा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. जुन्या खिळ्यांचे काळे डाग आणि मुरलेला रंग एकदा गेला की परत येत नाही.

भिंत कोरडी हवी. दोन फुटांचा प्लास्टिक कागद चारही कडांनी चिकटवा. तीन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर आधी गळती काढा. त्याशिवाय आम्ही काम घेत नाही.

फळ्या उभ्या असतील तर मागे दीड फुटावर आडव्या रिपा (लाकडी पट्ट्या) येतात. त्या सलग न ठेवता मध्ये मोकळी जागा सोडतो, म्हणजे हवा खेळते. फळ्या जमिनीपासून अर्धा इंच उचलून घेतो. टंग-ग्रूव्ह (एका कडेला जीभ, दुसरीला खाच असलेल्या) फळीला स्क्रू एकाच कडेला मारतो, म्हणजे दुसरी कड हलायला मोकळी राहते. समुद्राजवळ स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच.

साग तेलकट असतो. डिंक किंवा पॉलिश लावण्याआधी तो थिनरने पुसून घ्यावा, नाहीतर पकड येत नाही. घरी जवसाचं तेल लावणार असाल, तर तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.