पाझराचं पाणी गढूळ आहे का?

नाशिककरांची तहान भागवणारं गंगापूर धरण मातीचं आहे, आणि ते पाझरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अजिबात न पाझरणारं मातीचं धरण कुठेच नसतं. अभियंते पाझराला ठरवून वाट काढून देतात आणि तो मोजत राहतात.

ही मोजणी खासगी बांधांच्या वाट्याला येत नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना लागून, चांदवड-येवल्याच्या कांद्यासाठी, कुठे ओहोळ अडवून, कुठे अर्धं खोदून नि अर्धा भराव घालून लोकांनी पाणी साठवलंय. वर ३० मीटर लांब-रुंद, तळाशी २४ मीटर आणि ३ मीटर खोल अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे २२० टँकर. त्यातलं जमिनीखालच्या खड्ड्यातलं पाणी कुठे जात नाही. जमिनीच्या वर, भरावाच्या भरवशावर उभं असलेलं पाणी मात्र बांध फुटला की काही मिनिटांत उताराला लागतं.

धरणांच्या तपासणीचं काम करणारी राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकमध्येच आहे. पण २०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आणि १० ते १५ मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्या धरणांसाठी आहे. चार-पाच मीटरचा बांध त्यात येत नाही. त्याची तपासणी मालकानेच करायची.

त्यासाठी एक बादली आणि घड्याळ पुरतं. भरावाच्या कोरड्या बाजूला, पायथ्याशी जिथे पाझर दिसतो तिथे छोटी चारी काढून पाणी एका जागी आणायचं. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते आणि त्या दिवशीची तळ्यातली पातळी वहीत लिहायची. पातळी वाढली की पाझर वाढणारच. पातळी तीच असताना, पाऊसही नसताना बादली लवकर भरू लागली, तर आत काहीतरी बदललंय. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची: पाणी नितळ आहे की गढूळ? गढूळ पाणी म्हणजे भरावातली माती बाहेर निघालीय.

ती निघते कशी? पाझर बाहेर पडतो त्या तोंडाशी पाणी आधी मातीचे बारीक कण उचलतं. तिथे पोकळी होते आणि ती मागे मागे, तळ्याच्या दिशेने सरकते. पोकळी लांबली की पाण्याला मातीतून कापायचं अंतर कमी होतं, त्यामुळे वेग वाढतो, आणि वाढलेला वेग आणखी माती नेतो. म्हणून महिनोन्‌महिने किरकोळ वाटणारा पाझर शेवटच्या काही तासांत सगळा बांध घेऊन जातो. अमेरिकेतलं ९३ मीटर उंचीचं टीटन धरण पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६च्या सकाळी त्यातून गढूळ पाणी येताना दिसलं आणि दुपारी बाराच्या आत ते फुटलं. आपल्याकडे २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं गेली, तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं गेलं. खेकडे आणि घुशी बिळं करतात हे खरंच, पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. बीळ बुजवता येतं, तक्रार ऐकावी लागते.

गढूळ पाणी दिसलं की बहुतेक जण हमखास एक चूक करतात: बाहेरच्या बाजूने भोकावर चिकणमाती किंवा प्लास्टिक दाबून ते बंद करतात. पाण्याचा दाब आतच कोंडतो आणि ते शेजारून नवी वाट काढतं. करायचं याच्या उलट. तोंडावर आधी जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. मातीच्या बांधकामांचं शास्त्र उभं करणारे अभियंते कार्ल टेर्झागी यांनी या गाळणथरांतल्या कणांच्या आकाराचं गणित मांडलं आणि आजची मोठी धरणंही त्यावरच उभी आहेत. सोबत पंप लावून तळ्यातली पातळी उतरवायची आणि खालच्या वस्तीला फोन करायचा; वाळू टाकून निर्धास्त झोपू नये.

दुखणं बहुतेकदा ठरावीक जागी सुरू होतं. भरावातून आरपार नेलेला पाइप ही त्यातली पहिली जागा, कारण पाइपाच्या पोटाखाली माती नीट दाबताच येत नाही. पाइप माथ्यावरून घेऊन पाणी सायफनने काढणं कधीही बरं. दुसरी जागा काळ्या मातीतल्या भेगा. ही माती उन्हाळ्यात आकसून फाटते आणि पहिल्या भरणीचं पाणी थेट भेगांत शिरतं, म्हणून रोजची फेरी त्या दिवसांत चुकवू नये. बाभळीची मुळं कुजून पोकळ्या होतात, त्यामुळे भरावावर गवताशिवाय काही वाढू देऊ नये. जेसीबीने नुसती ओतलेली, पाणी मारून थराथराने न दाबलेली माती ही तर सगळ्यांची आई. प्लास्टिक अंथरणार म्हणून दबाई टाळलेली तळी मला सर्वांत धोक्याची वाटतात. प्लास्टिकचा कागद फाटेपर्यंत तिथे काहीच कळत नाही.

पाझराइतकंच बांध फोडणारं कारण म्हणजे माथ्यावरून गेलेलं पाणी. ओहोळावरच्या बांधाला १० हेक्टरचा पाणलोट आहे असं धरू. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तरी सेकंदाला सुमारे ७०० लिटर पाणी येतं. ३ मीटर रुंद सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर जायला ठेवलेल्या वाटेवरून जाताना त्याची उंची साधारण २७ सेंटिमीटर राहते. सांडवा १ मीटरचाच असेल तर ती ५५ सेंटिमीटरवर जाते आणि अर्धा मीटर मोकळा ठेवलेला माथा बुडतो. त्यात नवा भराव सर्वांत जास्त बसतो तो मधोमध, जिथे त्याची उंची सर्वांत जास्त, आणि पाणी नेमकं तिथूनच उलटतं. गवंड्याची लेव्हलची नळी धरून माथा तपासायचा, खोलगट भागात मुरूम घालून दाबायचा. थोडं जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यात रचलेल्या वाळूच्या गोण्या आणि मासे जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी मिरगाच्या आधी काढायची.