ऑरगॅनिक की सिंटर्ड? तीनचाकी मोटरसायकलचे ब्रेक पॅड निवडताना आणि बसवताना

एकाच गाडीसाठी बनवलेले दोन ब्रेक पॅड शेजारी ठेवले, तर फरक चटकन कळत नाही. आकार तोच, पाठीची स्टीलची पट्टी तशीच, पिनेची भोकंही त्याच जागी. दोन्ही पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, सहज बसतात. पण एकाचा घासणारा थर तंतू आणि रबर राळेत घट्ट बांधून केलेला असतो, तर दुसऱ्याचा धातूच्या भुकटीचा. पहिला ऑरगॅनिक, दुसरा सिंटर्ड. दुचाकीवर यांची अदलाबदल झाली तर बहुतेकदा ब्रेक लागण्याची जात तेवढी बदलते. तीनचाकीवर ती अर्धवट झाली, म्हणजे एका चाकाला एक आणि शेजारच्या चाकाला दुसरा पॅड बसला, तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. म्हणून तीनचाकीत पॅडचा निर्णय एकट्या चाकाचा कधीच नसतो. तो जोडीने घ्यावा लागतो.

आधी दोघांची ओळख. ऑरगॅनिक पॅडमध्ये अरामिड, काच किंवा कार्बनचे तंतू, रबर आणि इतर भरणद्रव्यं फेनॉलिक राळेत मिसळून उष्णतेने आणि दाबाने घट्ट केलेली असतात. पूर्वी यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. हा पॅड तुलनेने मऊ असतो. गार असतानाही तो लगेच पकडतो, ब्रेक हळूहळू चढत जातो, आवाज कमी करतो आणि डिस्कला सांभाळून घेतो. अडचण उष्णतेची. लांब घाटउतारावर सतत ब्रेक दाबत राहिलं की राळ तापून वायू सोडू लागते, पॅड आणि डिस्कमधली पकड ढिली पडते आणि पेडल घट्ट लागत असूनही गाडी थांबायला वेळ घेते. चिखलात, रेतीत आणि सततच्या पावसात हा पॅड झिजतोही लवकर.

सिंटर्ड पॅडमध्ये तांबं, कांसं, लोखंड यांची भुकटी आणि सोबत ग्रॅफाइट दाबून, वितळणबिंदूच्या खाली भट्टीत तापवतात. कण एकमेकांना चिकटून एकसंध थर बनतो. जास्त तापमानात तो डगमगत नाही, पावसात पकड सोडत नाही आणि टिकतोही जास्त. बदल्यात तो डिस्क जास्त घासतो, थोडा आवाज करतो आणि मुख्य म्हणजे धातूच असल्यामुळे उष्णता पिस्टनपर्यंत आणि तिथून ब्रेक ऑइलपर्यंत पोचवतो. या शेवटच्या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठीची किमान मर्यादा १५५ अंशच आहे. दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल आणि नवे सिंटर्ड पॅड ही जोडी मला अजिबात पसंत नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ऑरगॅनिकवरून सिंटर्डवर जायचं असेल, तर ऑइल त्याच वेळी बदला. ऑइलच्या बाबतीतही एक फसवं नाव आहे: डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि डॉट ५.१ ग्लायकॉलचं. आकडे जवळचे दिसले तरी ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला.

दुकानात आणखी दोन नावं भेटतील. सेमी-सिंटर्ड म्हणजे राळेच्या पॅडमध्ये धातूचं प्रमाण वाढवलेला मधला प्रकार. सिरॅमिक या नावाने मिळणारे पॅड बहुतेक वेळा राळेचेच असतात, फक्त त्यात सिरॅमिकचे तंतू असतात. निवड करताना त्यांना ऑरगॅनिकच्या बाजूला धरलं तर फारसं चुकत नाही.

आता तीनचाकीकडे. दुचाकीच्या पुढच्या चाकाला दोन डिस्क असल्या तरी चाक एकच असतं. डावा पॅड थोडा कमी पकडला, उजवा जास्त, तरी थांबतं ते एकच चाक आणि गाडी सरळ राहते. पुढे दोन चाकं असतील, तर ती एकमेकांपासून बरीच लांब असतात. उजव्या चाकाने जास्त जोर लावला की तोच जोर गाडीचं नाक उजवीकडे वळवतो.

हा फरक किती असू शकतो, ते पॅडच्या पाठीवरच्या किंवा कडेच्या दोन अक्षरांवरून कळतं. पहिलं अक्षर कमी तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं जास्त तापमानातलं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि एच म्हणजे ०.५५ च्या वर. समजा डाव्या चाकाला ०.४० चा पॅड आहे आणि उजव्याला ०.५५ चा. पेडल एकच, ऑइलचा दाब एकच, तरी डाव्या चाकाचा ब्रेक उजव्यापेक्षा चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी पडेल. एबीएस चाक जाम होऊ देत नाही हे खरं, पण त्या टोकाला पोचण्याआधीच्या साध्या ब्रेकमध्ये ही तफावत तशीच राहते. आणि ही अक्षरं घर्षण सांगतात, पदार्थ सांगत नाहीत. एचएच दिसलं म्हणून पॅड सिंटर्डच असेल असं गृहीत धरू नका. पाकिटावर पदार्थ वेगळा लिहिलेला असतो. शिवाय प्रत्येक अक्षराचा पट्टा इतका रुंद आहे की दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एफएफ पॅडही सारखे नसतात. डावीकडे एका कंपनीचा आणि उजवीकडे दुसऱ्या कंपनीचा, ही तडजोड करूच नये.

गाडी कोणत्या बांधणीची आहे यावर जोडी कुठली ते ठरतं. २००७ साली आलेल्या कॅन-अ‍ॅम स्पायडरला पुढे दोन चाकं, मागे एक; वळणावर ती कलत नाही. पियाजिओ एमपी३ (२००६) आणि यामाहा निकेन (२०१८) यांनाही पुढे दोन, पण त्या कलतात. या तिघींत पुढची डावी-उजवी ही अतूट जोडी. हार्ले-डेव्हिडसनच्या ट्राय ग्लाइडला पुढे एक आणि मागे दोन चाकं, म्हणजे जोडी मागची. साध्या मोटरसायकलला मागे नवा अ‍ॅक्सल लावून तीनचाकी केलेली असेल, तर मागचे कॅलिपर आणि डिस्क अनेकदा मोटारीच्या असतात. तिथे मोटरसायकलच्या मॉडेलवरून पॅड मागवले तर बसणारच नाहीत. पाठपट्टीवरचा क्रमांक, नाहीतर जुना पॅड हातात घेऊनच नवा शोधावा लागतो.

स्पायडरची गोष्ट आणखी वेगळी. तिला हँडलवर पुढच्या ब्रेकचा लिव्हर नाही. पायाच्या एकाच पेडलने तिन्ही चाकांचे ब्रेक लागतात. पुढे किती जोर, मागे किती, हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं आणि गाडी सरळ ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही तेच गृहीत धरून काम करते. अशा गाडीत पुढे जोरकस सिंटर्ड घालून मागे जुना ऑरगॅनिक ठेवला, तर ते गणित बिघडतं. दुचाकीवाला पुढचा-मागचा ब्रेक हाताने आणि पायाने तोलून घेतो. इथे ती सोय चालवणाऱ्याच्या हातात नाही.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: गाडीसोबत कंपनीने ज्या प्रकारचा पॅड दिला, त्याच प्रकारचा घ्या. कंपनीचाच हवा असं नाही, पण पदार्थ आणि अक्षरं तीच हवीत. युरोपच्या आर९० नियमाची मान्यता असलेल्या पॅडची घर्षणशक्ती मूळ पॅडशी ताडून पाहिलेली असते. मान्यतेची खूण असलेलं वर्तुळातलं ई (घर्षणाचं ई वेगळं) आणि आर९० चा क्रमांक पाठपट्टीवर किंवा पाकिटावर दिसला तर निवड सोपी होते. प्रकार बदलण्याला दोनच कारणं मला पटतात. गाडी सामानानिशी, मागे माणूस बसवून डोंगरात चालत असेल आणि ऑरगॅनिक पॅड तापून दगा देत असतील, तर सिंटर्ड. गाडी रमतगमत चालत असेल आणि सिंटर्ड पॅड कधी पुरते तापतच नसल्यामुळे सतत किंचाळत असतील, तर ऑरगॅनिक. दोन्ही वेळी बदल तिन्ही चाकांवर करायचा.

सिंटर्ड घेण्याआधी डिस्क कशाची आहे ते मात्र पाहाच. बहुतेक मोटरसायकलींच्या डिस्क स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि त्यांना सिंटर्ड चालतो. ओतीव लोखंडाची डिस्क, जी मोटारीच्या अ‍ॅक्सलवर हमखास भेटते, तो भराभर खाऊन टाकतो. लोहचुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही, कारण ब्रेकच्या डिस्कचं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला चिकटतं. गाडी धुऊन रात्रभर ठेवा. सकाळी घासणाऱ्या पट्ट्यावर तांबूस गंज दिसला तर ते ओतीव लोखंड.

बसवण्याचं काम दोन्ही पॅडना जवळजवळ सारखंच आहे. सपाट जागा, चाकांना अडण्या आणि जॅक गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. चाक काढलं की कॅलिपर सोडून तारेने टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. जुने पॅड बाहेर आले की ते फेकण्याआधी नीट बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल, तर कॅलिपर सरकण्याच्या पिना अडकलेल्या आहेत. त्या साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅडही तसेच झिजतील. पॅड तिरका झिजलेला, काचेसारखा चकचकीत झालेला किंवा तेलाने काळवंडलेला असेल, तर त्याचंही कारण आधी शोधा. पायाच्या पेडलवर बूट टेकवून चालवायची सवय असेल, तर मऊ ऑरगॅनिक पॅड चकचकीत होतातच. डिस्कची जाडीही मोजा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.

पिस्टन मागे ढकलण्याआधी त्याची उघडी बाजू ब्रेक क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करा. नाहीतर साचलेली माती सीलमध्ये जाते. टाकीतलं ऑइल वर येईल, तेव्हा ते आधीच थोडं काढून ठेवा. रंगावर सांडलं तर रंग जातो. एका कॅलिपरचा एक पिस्टन ढकलताना दुसरा बाहेर येत नाही ना, यावर लक्ष ठेवा.

मागच्या चाकाला सगळ्यात जास्त जपा. तीनचाकी उतारावर गिअरच्या भरवशावर उभी करत नाहीत, तिला पार्किंग ब्रेक असतो, आणि तो अनेकदा मागच्या कॅलिपरमध्येच बसवलेला असतो. अशा काही कॅलिपरचा पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, तो फिरवत आत न्यावा लागतो. क्लॅम्प लावून जोर केला तर आतली यंत्रणा तुटते. पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असेल तर तो आधी दुरुस्तीच्या अवस्थेत घालावा लागतो. या एका कामासाठी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून बसा. ते नसेल तर मागचं चाक जाणकार मेकॅनिककडे द्या.

नवे पॅड तेलकट हातांनी धरू नका. पाठपट्टीमागचे पातळ पत्रे आणि स्प्रिंग जशी निघाली तशीच बसवा, बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापाला आवळा. दोन्ही बाजू झाल्या की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेले असल्यामुळे पहिल्या काही दाबांत ब्रेक लागतच नाही आणि नेमकं हेच विसरून लोक गाडी भिंतीवर नेतात. मग ऑइलची पातळी पाहा.

ऑरगॅनिक आणि सिंटर्डमधला फरक पुन्हा दिसतो तो पॅड डिस्कला बसवून घेताना. जुन्या पॅडने डिस्कवर आपला पातळ थर सोडलेला असतो. प्रकार बदलला असेल, तर तो थर बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासून उतरवा आणि क्लीनरने पुसा; राहिला तर नवा पॅड धड पकडत नाही आणि थरथर जाणवते. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारा, पुरतं थांबू नका, थोडं अंतर चालून हवेने गार होऊ द्या आणि पुन्हा तेच. गरम ब्रेक दाबून उभं राहिलात, तर डिस्कवर त्या जागी डाग उठतो. ऑरगॅनिक अशा फेऱ्यांत लवकर जुळतो. सिंटर्डला फेऱ्या आणि उष्णता दोन्ही जास्त लागतात, आणि तोवर तो नरम वाटतो म्हणून घाबरायचं कारण नाही.

याच फेऱ्यांत हँडल घट्ट आवळू नका, हात मात्र त्यावरच ठेवा. गाडी एका बाजूला ओढते का ते तेव्हाच कळतं. ओढत असेल तर परत या: एका बाजूच्या पॅडला तेल लागलं असेल, पिन अडकली असेल, टायरची हवा कमी असेल किंवा एका नळीत हवा राहिली असेल. पॅड अजून बसायचे असतील म्हणून ती ओढ सोडून देऊ नका. शेवटी चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि हलक्या उतारावर पार्किंग ब्रेक लावून पाहा. पेडलवर पाय ठेवूनच, कारण नव्या जाडीच्या पॅडनंतर केबल पुन्हा जुळवावी लागू शकते.