जेलीफिशचे संस्पर्शक

जेलीफिशच्या छत्रीखाली लोंबणाऱ्या बारीक, आखडणाऱ्या-लांबणाऱ्या तंतूंना संस्पर्शक किंवा शुंडके म्हणतात. तोंडाभोवतीचे झालरीसारखे मुखबाहू निराळे, पण या दोहोंची नेहमी गल्लत होते. साधारणपणे संस्पर्शक भक्ष्य पकडतात आणि मुखबाहू ते तोंडाशी नेतात. कॅसिओपियासारख्या काही जेलीफिशना संस्पर्शक नसतातच.

पकडण्याचे खरे काम दंशकोशिकांचे. प्रत्येक दंशकोशिकेतील सूक्ष्म कुपीत पोकळ धागा गुंडाळलेला असतो आणि आतला दाब सुमारे १५० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ १५० पट असतो. स्पर्श होताच, भक्ष्याच्या अंगावरची रसायनेही जाणवली तर अधिक सहज, कुपीचे झाकण उघडते आणि धागा आतला बाहेर होत सुटून विष टोचतो. जेलीफिशच्याच प्राणिसंघातील हायड्रा या प्राण्यात धाग्याचे टोक ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात बाहेर पडते. प्राणिसृष्टीतील अतिवेगवान हालचालींपैकी ही एक आहे. कुपी एकदाच वापरता येते. मग नवी तयार होते.

यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. जेलीफिशला मेंदूच नसतो. म्हणून तुटलेला संस्पर्शक किंवा वाळूत मरून पडलेली जेलीफिशसुद्धा दंश करते. किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला, मुलांना तर नक्कीच, हे सांगून ठेवले पाहिजे.

उत्तरेकडील थंड समुद्रांतल्या सायनिया कॅपिलाटाचे संस्पर्शक ३० मीटरहून लांब वाढू शकतात. उलट ऑस्ट्रेलियातील कारुकिया बार्नेसाय ही जेमतेम नखाएवढी. ती आपल्या चार संस्पर्शकांवरचे दंशकोशिकांचे पुंजके हलवून लहान माशांना आमिष दाखवते.

मुंबईत जुहू-गिरगावला पावसाळ्यात वाहत येणारी निळी फायसेलिया (ब्ल्यू बॉटल) ही खरी जेलीफिश नव्हे, ती अनेक जीवघटकांची वसाहत आहे. संस्पर्शकांची यंत्रणा मात्र तीच. तिचा दंश झाल्यास चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सियस गरम पाण्यात तो भाग २० मिनिटे ठेवावा. वाळूने चोळू नये, कारण न सुटलेल्या कुप्या त्याने सुटतात. श्वास लागला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. ऑस्ट्रेलियातील घातक बॉक्स जेलीफिशच्या दंशावर मात्र आधी व्हिनेगर ओततात; त्यामुळे उरलेल्या कुप्या सुटत नाहीत.

ही हत्यारे इतर प्राणीही वापरतात. ट्रेमोक्टोपस हा ऑक्टोपस फायसेलियाच्या संस्पर्शकांचे तुकडे चूषकांनी धरून वागवतो. ग्लॉकस ही निळी समुद्री गोगलगाय फायसेलिया खाते, पण तिच्या दंशकुप्या न पचवता स्वतःच्या बोटांसारख्या उपांगांत साठवते.

वैद्यकावरही या संस्पर्शकांचे ऋण आहे. १९०१ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी फायसेलियाच्या विषाचा अभ्यास सुरू केला. परतल्यावर त्यांनी समुद्रफूल (सी ॲनिमोन) या जेलीफिशच्या नात्यातल्या प्राण्याच्या संस्पर्शकांचे विष कुत्र्यांवर वापरून पाहिले. पहिल्या मात्रेतून वाचलेले कुत्रे काही आठवड्यांनी अगदी अल्प मात्रेनेच दगावले. या तीव्र ॲलर्जीला त्यांनी १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले आणि या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.