काय बदलायचं ते राहू द्या, काय ठेवता येईल ते बघा

कोडिंग स्पर्धांमधे एक प्रश्न या ना त्या रूपात येतच राहतो. आकड्यांचा एक अ‍ॅरे (म्हणजे ओळीत मांडलेली यादी) दिलाय, त्यातले कमीत कमी आकडे बदलून तो असा करा की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा झाला पाहिजे. नवा आकडा कुठलाही पूर्णांक चालेल, ऋण सुद्धा, आणि किती आकडे बदलावे लागले तेवढंच सांगायचं.

बहुतेक जण डावीकडून सुरू करतात आणि जिथे बिघडलेलं दिसेल तिथे दुरुस्त करत जातात. आता १०, १, २, ३, ४ घ्या. १० तसाच ठेवला तर पुढचे चारही बदलावे लागतात, पण नुसता १० चा ० केला असता तरी काम झालं असतं. म्हणून प्रश्नच फिरवायचा, जास्तीत जास्त किती आकडे हात न लावता ठेवता येतील? बाकीचे बदलायचे.

मग वाटतं की सगळ्यात लांब चढती साखळी, म्हणजे मधले काही आकडे गाळून पण क्रम न बदलता चढत जाणारे आकडे, शोधली की संपलं. पण खरी मेख पुढे आहे. १, २, २, ३ मधे साखळी १, २, ३ अशी मिळते, म्हणजे एकच बदल, पण तो दुसरा २ बदलून तिथे ठेवणार काय, २ आणि ३ च्या मधे पूर्णांकच नाही! दोन ठेवलेल्या आकड्यांमधे जितक्या घरांचं अंतर, निदान तितका फरक त्यांच्यात हवाच. यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो, प्रत्येक आकड्यातून त्याचा ओळीतला क्रमांक (१, २, ३…) वजा करायचा. ०, ०, −१, −१ असं उरतं, आणि आता अट एवढीच की साखळी खाली उतरता कामा नये, सारखे आकडे चालतील. दोनच राहतात, म्हणजे दोन बदल.

आता साखळी शोधायची कशी? ७, ३, ५, ४, ८, ६, ९ मधून क्रमांक वजा केले की ६, १, २, ०, ३, ०, २. हे सात चिठ्ठ्यांवर लिहा आणि एकेक उचलून टेबलावर चवडी लावा. जिच्या वरचा आकडा हातातल्यापेक्षा मोठा आहे अशी डावीकडून पहिली चवड शोधून तिच्यावर ठेवायचं, तशी नसेल तर उजवीकडे नवी चवड. ६ वर १ बसतो, २ ची नवी चवड, ० जातो १ वर, ३ ची तिसरी, पुढचा ० बसतो २ वर, शेवटचा २ बसतो ३ वर. तीन चवडी झाल्या, म्हणजे तीन आकडे राहतात आणि चार बदलतात. ४, ६, ९ जागेवर ठेवा, १, २, ३, ४, ५, ६, ९ तयार.

हे बरोबर का येतं? एका चवडीत आकडे उतरतच जातात, त्यामुळे साखळीत प्रत्येक चवडीतला फार तर एकच येऊ शकतो. आणि कुठलीही चिठ्ठी ठेवताना तिच्या डावीकडच्या चवडीवर तिच्याएवढा किंवा लहान आकडा आधीच बसलेला असतो, त्याला धरून मागे मागे गेलं की साखळी आपोआप हाताला लागते.

चवडींचे वरचे आकडे डावीकडून उजवीकडे कधी उतरत नाहीत, म्हणून बायनरी सर्च चालतो, म्हणजे मधली चवड बघून दर वेळी अर्ध्या चवडी बाद करत जायचं. १ लाख आकडे असतील तर प्रत्येक जोडी तपासायला ५०० कोटींच्या आसपास तुलना लागतात, इथे एका आकड्याला फार तर १७, म्हणजे सगळ्या मिळून १७ लाख.

या पद्धतीला पेशन्स सॉर्टिंग म्हणतात, एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या खेळावरून. आणि ती रोजच्या कामातही आहे. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांमधला फरक, बघताना पेशन्स नावाचा पर्याय असतो, मूळ कल्पना बिटटॉरंट बनवणाऱ्या ब्रॅम कोहेनची. तो दोन्ही फायलींमधे एकेकदाच येणाऱ्या सारख्या ओळी उचलतो, त्यांच्यातली सगळ्यात लांब चढती साखळी अशाच चवडी लावून काढतो, त्या ओळी जागेवर धरतो आणि मगच मधे काय बदललं ते बघायला जातो.