मॉनिटर, हाउस आणि बक्षीस समारंभ : कॅथलिक मुलांच्या शाळांतील प्रथांची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत मिशनरींच्या शिक्षणकार्याचा विषय निघाला की प्रथम प्रोटेस्टंट मिशनांची आठवण निघते, आणि ते इतिहासाला धरूनच आहे. साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकन मराठी मिशन काम करत होते. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते. पाचगणीची सेंट पीटर्स ही मुलांची जुनी निवासी शाळा अँग्लिकन परंपरेतली. त्याच पाचगणीत ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनींनी १८९५ मध्ये सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट सुरू केले, पण ते मुलींसाठी होते. कॅथलिक मुलांची नावाजलेली हायस्कुले होती ती पुण्या-मुंबईला : पुण्याच्या लष्कर भागातील सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे, तर मुंबईचे सेंट झेवियर्स १८६९ चे. सातारा आणि सांगली ज्यात मोडतात तो पुणे धर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाला.

या शाळांच्या प्रथा त्यामुळे आपल्या भागात बऱ्याच अंशी दुरून आल्या. आज कोरेगाव, कराड किंवा विटा येथील एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, तिचा ख्रिस्ती संस्थेशी काडीचाही संबंध नसताना, वर्गात मॉनिटर असतो, मुले चार रंगांच्या हाउसमध्ये विभागलेली असतात, वार्षिक क्रीडादिनाला संचलन होते आणि ‘मॉरल सायन्स’ची, म्हणजे नीतिशिक्षणाची, तासिका वेळापत्रकात असते. हे सारे इंग्रजांनी आणले असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. यांतील काही प्रथांचे जवळचे पूर्वज इंग्लंडच्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे तिथल्या नामांकित खासगी निवासी शाळांत नव्हे, तर सोळाव्या शतकातील इटलीत सापडतात, आणि त्यांमागे मुलांना कसे शिकवावे याचा अतिशय बारकाईने केलेला विचार आहे. तो विचार विसरून केवळ बाह्य रूप उचलले गेले, याची खंत वाटते म्हणूनच हा इतिहास तपशिलाने मांडावासा वाटतो.

संत इग्नाशियस लोयोला यांच्या येशूसंघाला, म्हणजे जेझुइट संघाला, १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. शाळा चालवणे हा संघाचा मूळ हेतू नव्हता. १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना शहराच्या नागरिकांच्या मागणीवरून बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय उघडले गेले आणि त्यानंतर युरोपभर शाळांचे जाळे पसरले. इतक्या शाळा एका धोरणाने चालवायच्या तर नियम हवेत, म्हणून अनेक वर्षांच्या मसुद्यांनंतर आणि ठिकठिकाणच्या शिक्षकांचे अभिप्राय मागवून १५९९ मध्ये ‘रेशिओ स्टुडिओरम’ ही शिक्षणसंहिता अंतिम रूपात प्रसिद्ध झाली. प्रांतप्रमुखापासून व्याकरणाच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षकापर्यंत प्रत्येकाने काय करावे, हे तीत सांगितले आहे.

मॉनिटरचे मूळ इथे दिसते. वर्गात ‘डेक्युरियन’ नेमावेत, असे संहिता सांगते. दहा जणांच्या तुकडीवरील रोमन नायकाचे हे नाव. सकाळी आपल्या तुकडीतील मुलांचे पाठांतर ऐकायचे, कोणाच्या किती चुका झाल्या हे नोंदवहीत टिपायचे, लेखी काम गोळा करायचे आणि कोणी ते आणले नाही ते शिक्षकाला कळवायचे, हे त्याचे काम. म्हणजे फळ्यावर दंगेखोर मुलांची नावे लिहिणारा पहारेकरी असे त्याचे स्वरूप नव्हते; तो सोबत्यांच्या अभ्यासाचा साहाय्यक होता. वर्गातील मानाची पदेही चांगल्या लेखनाच्या जोरावर मिळत आणि साधारण महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची नव्याने निवड होई. शिक्षकाच्या मर्जीतला मुलगा वर्षभर मॉनिटर, ही आपल्याकडची रीत त्या मूळ कल्पनेच्या अगदी विरुद्ध आहे.

स्पर्धेचेही तसेच. प्रत्येक मुलाला वर्गातील एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असे. एकाने उत्तर चुकवले की दुसऱ्याने ते सुधारायचे. अनेक महाविद्यालयांत सारा वर्ग ‘रोम’ आणि ‘कार्थेज’ या प्राचीन शत्रुराज्यांच्या नावांच्या दोन छावण्यांत विभागला जाई. आजच्या हाउसपद्धतीचा हा थेट पूर्वज नसला तरी जवळचा नातलग आहे. शनिवारी आठवडाभराच्या पाठांची उजळणी ठरलेली असे. जुन्या मराठी शाळांतील पाढे आणि पाठांतराच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला यात परके वाटण्यासारखे काहीच नाही.

बक्षीस समारंभाचे नियम तर आजच्या शाळांनी मुद्दाम वाचावेत इतके चोख आहेत. स्पर्धेतील लेखनावर मुलाचे नाव उघड नसे. परीक्षकांनी आधी गुणवत्ता ठरवायची आणि मग बंद ठेवलेली नावे उघडायची. निकाल गुप्त ठेवायचा, आणि समारंभाच्या दिवशी जमलेल्या लोकांसमोर विजेत्याचे नाव मोठ्याने पुकारायचे. कोणत्या घरचा मुलगा आहे हे पाहून बक्षीस दिले जाऊ नये, याची ही काळजी चारशे वर्षांपूर्वीची आहे. शिक्षेबद्दलचा नियमही लक्षात राहण्यासारखा आहे : मारण्याची वेळ आलीच तर संघाच्या शिक्षकाने स्वतः हात उचलू नये, त्यासाठी संघाबाहेरचा माणूस नेमावा. छडी त्यामुळे संपली नाही आणि पुढच्या काळात अनेक ठिकाणी तिचा वापर कठोरपणेच झाला, हे मान्य करावे लागते. तरीही शिकवणारा आणि मारणारा एक असू नये हे तत्त्व लिहून ठेवले गेले होते.

स्नेहसंमेलनातील नाटकाची परंपराही याच शाळांनी जोपासली. नाटक लॅटिनमध्ये असावे, विषय पवित्र असावा, ते क्वचितच व्हावे आणि त्यात स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेष अजिबात नसावा, अशी अट होती. सांगलीकर वाचकाला ही अट विशेष कुतूहलाची वाटेल. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी याच सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला आणि पुढे अनेक दशके आपली रंगभूमी पुरुषांनी साकारलेल्या स्त्रीभूमिकांवर उभी राहिली. दोन्हीकडे रंगमंचावर फक्त मुलगे आणि पुरुषच, पण एकीकडे स्त्रीपात्राला पूर्ण बंदी आणि दुसरीकडे त्याच भूमिकेत कलेची परिसीमा.

सगळ्या कॅथलिक शाळा जेझुइटांच्या नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे लागते. फ्रान्समध्ये जाँ बाप्तिस्त द ला साल यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस गरीब मुलांसाठी ब्रदरांचा संघ उभा केला आणि वाचन लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये, मुलांच्या बोलीत, शिकवायला सुरुवात केली. मातृभाषेतून शिक्षणाच्या आपल्याकडील चर्चेत या पावलाची आठवण व्हायला हवी. तुरिनचे डॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपली ‘प्रतिबंधक पद्धती’ शब्दबद्ध केली. मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा शिक्षकाने सतत मुलांमध्ये, अगदी मैदानावरही, असावे म्हणजे चूक घडण्याची वेळच येत नाही, असा तिचा आशय. त्यांच्या वसतिगृहांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर फादर मुलांशी दोन-चार मिनिटे जिव्हाळ्याने बोलतात; ‘गुड नाइट’ म्हणून ओळखली जाणारी ही प्रथा आजही टिकून आहे.

इंग्रजी थर या सगळ्यावर नंतर चढला. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले जेझुइट प्रामुख्याने जर्मन आणि स्विस होते, पण राज्य इंग्रजांचे. इंग्लंडमधील रग्बी शाळेचे मुख्याध्यापक टॉमस अरनॉल्ड यांनी १८२८ ते १८४२ या काळात वरच्या वर्गातील मुलांकडे शिस्तीची जबाबदारी सोपवण्याची जी पद्धत रुजवली, ती प्रीफेक्टच्या रूपाने येथे आली. क्रिकेट, हॉकी, ब्लेझर आणि शाळेचे गीत हेही त्याच वाटेने आले. इंग्लंडमध्ये हाउस म्हणजे मुलांच्या राहण्याची खरीखुरी इमारत. आपल्या दिवसाच्या शाळांत तिचे फक्त रंग आणि गुणतक्ता उरला. साताऱ्यात हाउसचे मूळ निवासी रूप पाहायचे तर १९६१ मध्ये सुरू झालेल्या, देशातील पहिल्या सैनिक शाळेकडे पाहावे लागेल. ती शाळा कॅथलिक नाही, पण वंशावळ त्याच घराण्यातली.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले होते. ठरलेली दिनचर्या आणि सामुदायिक जेवण कॅथलिक बोर्डिंगमध्येही होते. मात्र कर्मवीरांच्या मुलांनी स्वतःच्या श्रमाने शिक्षण मिळवायचे होते. मुलांच्या निवासी शिक्षणाचा विचार करताना या परंपरेला केंद्रस्थानी ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण ती इथल्या शेतकरी घरांच्या गरजेतून उगवली.

स्वातंत्र्यानंतर या शाळांना घटनेची चौकट मिळाली. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला, तर अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडाने मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील कोणत्याही मुलावर पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षण लादण्यास मनाई केली. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला आणि बाकीची मॉरल सायन्सला, ही अनेक शाळांतील विभागणी या तत्त्वाशी जुळणारी आहे. १९५४ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास बंदी घातली होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. त्या निकालाने मराठी घरांतील मुलांसाठी या शाळांची दारे उघडी राहिली, आणि पुढच्या दशकांत वर्गातील बहुसंख्य मुले हिंदू व मुस्लिम असणे ही सामान्य गोष्ट झाली.

चर्चच्या आतही बदल झाले. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. ३१ जुलै १९७३ रोजी, संत इग्नाशियस यांच्या सणाच्या दिवशी, जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी स्पेनमधील वालेन्सिया येथे युरोपातील माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले की नाही. शिक्षणाने ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ घडवावीत, हे त्यांचे सूत्र. बड्या घरांतून आलेल्या श्रोत्यांपैकी अनेकांना ते झोंबले. पुढे त्याच सूत्रात स्त्रियांचाही स्पष्ट उल्लेख होऊ लागला, आणि केवळ मुलांसाठी चालणाऱ्या कित्येक जेझुइट शाळांनी मुलींनाही प्रवेश दिला.