स्वयंचलित मार्गदर्शित वाहन (गोदामातील वापर)

चालकाशिवाय, आखून दिलेल्या वाटेने गोदामात किंवा कारखान्यात माल वाहणारी बॅटरीवरची गाडी. कामाच्या जागी तिला सगळे ‘एजीव्ही’च म्हणतात, वरचे लांबलचक नाव कागदावरच राहते.

अमेरिकेतील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९५३ च्या सुमारास पहिली एजीव्ही बनवली. वर ताणलेल्या तारेचा माग काढत जाणारी ती ओढगाडी होती. पुढे तार फरशीखाली गेली. स्वीडनमधील काल्मार येथे व्होल्वोने १९७४ मध्ये मोटारींची जुळणीच अशा गाड्यांवर सुरू केली, तर रॉटरडॅम बंदरात १९९३ पासून त्या कंटेनर वाहू लागल्या.

वाट दाखवण्याच्या रीती अनेक आहेत. पुरलेली तार टिकाऊ असते, पण मार्ग बदलायचा तर फरशी पुन्हा कापावी लागते. चुंबकी पट्टी एका रात्रीत उचलून दुसरीकडे चिकटवता येते. मात्र फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या काट्यांवर माल उचलणारी चालकाची गाडी, तिच्यावर जागच्या जागी वळली की पट्टी सोलवटते. काही ठिकाणी फरशीवर क्यूआर कोड चिकटवतात. लेझर पद्धतीत खांबांवर परावर्तक लावतात आणि त्यांच्यावरून गाडी आपली जागा काढते. एएमआर (स्वायत्त फिरता रोबो) नावाची पुढची पिढी भिंती-रॅकांचा नकाशा स्वतः बाळगते. अडथळा आला की साधी एजीव्ही थांबून राहते, एएमआर वळसा घालते. गोदामवाल्याला वळसा घालणारी गाडी जास्त हुशार वाटते, पण अरुंद गल्लीत निमूट थांबणारीच बरी.

सुरक्षेची भिस्त घोट्याच्या उंचीवर बसवलेल्या लेझर स्कॅनरवर असते. बाहेरच्या टप्प्यात कोणी आले की वेग कमी होतो, आतल्या टप्प्यात आले की गाडी जागीच उभी राहते. या गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ हे मानक २०२० मध्ये आले. पण स्कॅनरला माणूस आणि कचरा यांत फरक कळत नाही. पॅलेटला, म्हणजे माल रचलेल्या फळीला, गुंडाळलेल्या प्लास्टिकचे टोक सुटून पुढे लोंबले तरी गाडी थबकते, दिवा लुकलुकत राहतो, मागे दुसरी येऊन उभी राहते. शेवटी कोणीतरी जाऊन ते वीतभर प्लास्टिक ओढून काढतो.

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये अशा औद्योगिक वसाहती आहेत आणि औषधनिर्मिती हा इथला मोठा उद्योग. औषधांच्या गोदामाला एजीव्हीची शिस्त मानवते. तपासणीचा निकाल येईपर्यंत माल वेगळा ठेवायचा, मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर काढायचा, कोणते पॅलेट कुठून कुठे गेले याची नोंद ठेवायची. गोदामाच्या सॉफ्टवेअरला जोडलेली गाडी ही नोंद चालता चालता करते.

अडचण दारापाशी आहे. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असतो, अंगणात जांभ्याची लाल माती. डॉकवर, म्हणजे ट्रक लागतो त्या ओट्यावर, ये-जा करणारी फोर्कलिफ्ट चाकांना चिकटलेला चिखल आत आणते. क्यूआर कोड त्याखाली दिसेनासे होतात आणि ओल्या फरशीवर ब्रेकचे अंतर वाढते. जुन्या शेडमध्ये काँक्रीटचे सांधे उखडलेले असले तर गाडीचे लहान चाक तिथे आपटते. म्हणून गाडीच्या खरेदीआधी फरशीचा खर्च धरावा. तो अंदाजपत्रकात हमखास विसरला जातो.

यावर सोपा तोडगा म्हणजे डॉकपासून काही मीटर आत एक रेघ मारायची. रेघेच्या आत एजीव्ही, बाहेर फोर्कलिफ्ट. चोर्ला किंवा अनमोड घाटातून आलेल्या प्रत्येक ट्रकच्या हौद्याची उंची निराळी असते, ताडपत्रीखालची रास कलंडलेली असते. तो माल उतरवायला फोर्कलिफ्टवरचा अनुभवी चालकच लागतो. तो पॅलेट रेघेवर आणून ठेवतो, आणि तिथून पुढे ते एजीव्ही उचलते.